चित्रकलेचा विद्यार्थी आणि कोडिंगचा विद्यार्थी एका टेबलाशी बसू द्या : कोल्हापूरच्या महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर,
आणि जिल्ह्यातील अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन व कला महाविद्यालयांचे सर्व प्राचार्य

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी तुमच्या वर्गांत अशी काही मुलं-मुली येऊन बसतात, ज्यांना लहानपणापासून व्हिडिओ गेम बनवायचा असतो. प्रवेशाच्या फॉर्मवर ती हे लिहीत नाहीत. घरी सांगायची तर सोयच नसते. चार वर्षं शिकतात, पुण्याची किंवा बंगळुरूची गाडी धरतात, आणि बहुतेकांची ती इच्छा कुणाच्या कानावरही न जाता विरून जाते. मी त्यांच्यातलीच एक. फरक एवढाच की मी कोल्हापुरातच राहिले आणि इच्छाही सोडली नाही.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ती डोळ्यासमोर राहील. अभियांत्रिकीचे आणि कला महाविद्यालयाचे विद्यार्थी मिळून एक गेम करतील आणि दोघांनाही त्याचे गुण मिळतील, अशी सोय करा. त्यासाठी संध्याकाळी उघडी राहणारी एक लॅब द्या.

मी मंगळवार पेठेत वाढले. बाबा उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचे. आमच्या काकांनी एका दिवाळीला टीव्हीला जोडायचा गेम आणला होता, पिवळ्या कॅसेटवाला. गल्लीतली सगळी पोरं रिमोटवरून भांडायची. माझा नंबर लागेपर्यंत मी गणिताची चौकटीची वही घेऊन बसायचे. एका चौकटीत वीट, दुसरीत खड्डा, तिसरीत शत्रू, असं करत अख्ख्या पानावर माझी लेव्हल, म्हणजे गेमचा एक टप्पा, तयार व्हायची. हा खड्डा इथंच का ठेवला असेल, दोन विटा मागं सरकवला तर काय होईल, हे मला जिंकण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटायचं. ही कुणाची तरी नोकरी असते, माणसं पगार घेऊन हेच काम करतात, हे कळलं तेव्हा मी आठवीत होते. त्या दिवसापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

आज दिवसा मी एका छोट्या कंपनीत फौंड्रीवाल्यांसाठी बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहिते. रात्री जेवणं झाली की माझा गेम उघडते. मर्दानी खेळ शिकलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलीची ती गोष्ट आहे. तो पुरा व्हायला अजून वेळ आहे, पण तो मी पुरा करणार.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आमच्या गटानं प्रोजेक्ट म्हणून गेमच मांडला होता. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही कॉलेजात घडलं असतं. विषय पहिल्याच बैठकीत परत आला. ‘इंडस्ट्रीला याचा उपयोग काय?’ असं विचारण्यात आलं आणि आम्ही ग्रंथालय व्यवस्थापनाची प्रणाली केली, जी आमच्या आधीच्या कित्येक बॅचनीही केली होती. आमचे गाइड चांगले होते, त्यांनी मनापासून शिकवलं. मूल्यमापनाच्या तक्त्यात गेमला बसेल असा रकानाच नव्हता, आणि नियमाबाहेर जाऊन तो तयार करायचा अधिकार त्यांना नव्हता. तो अधिकार तुम्हाला आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

गेममध्ये अभियांत्रिकी कुठं असते, हे बारकाईनं सांगते.

साधी उडी घ्या. बटण दाबलं, पात्र वर गेलं, खाली आलं. पुस्तकातलं गुरुत्वाकर्षण जसंच्या तसं घातलं, तर ती उडी तरंगती आणि संथ लागते. म्हणून बऱ्याच गेममध्ये वर जाताना गुरुत्वाकर्षण कमी आणि खाली येताना जास्त ठेवतात. बटण लवकर सोडलं तर उडी तिथंच तोडतात. आणखी एक युक्ती तर खेळणाऱ्याला कधी दिसतही नाही. पात्राचं पाऊल कड्यावरून सुटल्यावरही पुढच्या पाच-सहा फ्रेमपर्यंत उडी मान्य केली जाते; फ्रेम म्हणजे पडद्यावर एकापाठोपाठ येणारं एकेक चित्र. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर हा साधारण सेकंदाचा दहावा भाग झाला. डोळ्यानं कडा पाहून बोटानं बटण दाबेपर्यंत माणसाला जो उशीर होतो, त्यातला काही भाग ही सवलत भरून काढते. ती काढून टाका, आणि खेळणारा म्हणेल की गेम नीट चालत नाही. असं का वाटतं, ते मात्र त्याला सांगता येणार नाही.

हे सगळं एका फ्रेमच्या वेळात बसवायचं. ६० फ्रेमचा गेम असेल तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बटणं वाचायची, सगळ्यांच्या हालचाली मोजायच्या, कोण कुणाला धडकलं ते तपासायचं, आवाज सोडायचा, चित्र काढायचं. पहारेकऱ्याच्या नजरेच्या कोनात तुम्ही येता की नाही, हे दोन व्हेक्टरांच्या डॉट प्रॉडक्टवरून ठरतं. पहिल्या वर्षाला मॅट्रिक्स शिकताना ‘हे कुठं वापरायचं?’ असं विचारणाऱ्या मुलाला एकदा कॅमेरा पात्राभोवती फिरवायला लावा. पुन्हा तो प्रश्न विचारणार नाही.

पण एवढं सगळं करूनही माझा गेम अडला.

माझ्या नायिकेच्या हातात दांडपट्टा आहे. कोड बरोबर होता, वार वेळेवर लागत होता, तरी तो फिरवताना ती खोटी वाटायची. मी वेग बदलून पाहिला, कोन बदलून पाहिले. मग शाहू स्मारकच्या कलादालनात एका प्रदर्शनात कला महाविद्यालयाचा एक विद्यार्थी भेटला. तालमीत बसून काढलेली रेखाचित्रं त्यानं मांडली होती. कुस्ती, लाठी, पट्टा, पानंच्या पानं. मी त्याला मोबाइलवर माझं ॲनिमेशन दाखवलं. त्यानं ते एकदाच पाहिलं.

‘ताई, हिचं वजन कुठल्या पायावर हाय?’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यानं पेन्सिल काढली आणि माहितीपत्रकाच्या पाठीमागं तीन आकृत्या काढल्या. पहिलीत मागचा पाय रोवलेला, दुसरीत कंबर वळलेली, तिसरीत खांदा. हात सगळ्यात शेवटी. ‘पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत झाकलेली असते, मनगट वळतच न्हाई. तुम्ही मनगटातनं फिरवलाय. तलवारीला चाललं असतं.’ हे तो इतक्या सहज बोलला की त्याला त्यात काही विशेष वाटत नसावं. त्या रात्री मी हालचालीचा क्रम त्याच्या आकृत्यांप्रमाणं लावला आणि पडद्यावरची मुलगी पहिल्यांदा जमिनीवर उभी असल्यासारखी दिसली.

एवढी नजर ज्याच्याकडं आहे, त्याला माझ्यासोबत पुढं काम करता आलं नाही. त्याच्या घरी थ्रीडी चालवेल असा संगणक नाही, कॉलेजात हा विषय नाही, आणि माझ्या गेमसाठी काढलेल्या चित्रांचा त्याच्या गुणपत्रिकेला उपयोग नाही. आता सुट्टीत तो फ्लेक्सची डिझाइन करतो. मला हे सहन होत नाही.

दुसरा अनुभव घरातला. समईचं थ्रीडी मॉडेल करत बसले होते. बाबा मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘हे साच्यातनं निघणार कसं गं? सांधा कुठं घेतलायस?’ गेममधली समई ओतायची नसते, असं मी सांगितलं. तरी ते बसले. पॅटर्नमेकर लाकडाचा नमुना करतो तेव्हा वस्तू त्याच्या डोक्यात उलटीसुलटी फिरत असते. थंड होताना धातू आकसतो, म्हणून नमुना किंचित मोठा. वाळूतून सुटून यावा, म्हणून बाजूंना उतार. आत पोकळी हवी तर कोअर वेगळा. बाबांनी बोटानं पडद्यावर एक रेघ दाखवली, ‘हितनं दोन भाग होतात बघ.’ मॉडेलवर रंगकाम चढवण्याआधी त्याचा पृष्ठभाग उलगडून सपाट करावा लागतो, आणि त्यासाठी कुठून चिरायचं हे ठरवावं लागतं. बाबांनी दाखवलेल्या रेघेवरच मी ती चीर दिली. रंगकामात जोड कुठंही दिसला नाही.

गेमला लागणारी माणसं या गावात आहेतच. ती एकमेकांना भेटत नाहीत, एवढंच.

एकेकाळी भेटत होती. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे बाबूराव (म्हणजेच बाबूराव पेंटर) आणि आनंदराव हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ सिनेमाच्या नादाला लागले. आनंदराव १९१६ मध्ये गेले, पण बाबूरावांनी काम सोडलं नाही. स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये त्यांचा पहिला मूकपट पडद्यावर आला. त्या कंपनीत चित्रकार होते, यंत्रं समजणारे होते, नट होते, आणि सगळे सगळी कामं करत. दामले, फत्तेलाल, शांताराम हे तिथंच तयार झाले. त्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ आपण बाहेरून आलेल्या पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो. पण १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, हेही तितकंच खरं. माणसं तयार करायची कोल्हापुरानं आणि ती नांदवायची दुसऱ्या शहरानं, हे तेव्हापासून चालू आहे. बाबूरावांना सिनेमाची पदवी कुणी दिली नव्हती. पण पडदा रंगवणाऱ्यानं यंत्राला हात लावायचा नाही, असंही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आज तुमची महाविद्यालयं नेमकं तेच सांगतात. तसा कुणाचा हेतू नाही, व्यवस्थाच तशी आहे. अभियांत्रिकी तंत्रशिक्षण संचालनालयाकडं, चित्रकला कला संचालनालयाकडं. विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे, तो आणखी तिसरीकडं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बहुविद्याशाखीय शिक्षणावर पानंच्या पानं आहेत. ते कोल्हापुरात प्रत्यक्षात आणायला गेमइतका चांगला विषय मला दुसरा दिसत नाही, कारण गेम एकट्या शाखेला पुरा करताच येत नाही.

आणि विषयांना तर इथं तोटाच नाही. किरणोत्सवाचं बघा. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, मग वर चढत तिसऱ्या दिवशी मुखावर. वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं की किरणं अडतात, त्याची गावात दरवर्षी चर्चा होते. प्रकाश, कोन, वेळ आणि अडथळा एवढ्यावर एक अख्खा गेम उभा राहतो. पन्हाळ्याची अंधारबाव ही तर कुणीतरी आधीच बांधून ठेवलेली लेव्हल आहे. वरून साधी इमारत, आत मजले, तळाशी पाणी, शत्रू आला तर तटाबाहेर निसटायची वाट. पन्हाळा २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. आता त्यावर गेम होणारच. प्रश्न एवढाच की तो करणाऱ्यानं पन्हाळ्याच्या ‘तीन दरवाजा’ या प्रवेशद्वाराच्या दगडांवरून हात फिरवलेला असेल, की नुसते इंटरनेटवरचे फोटो पाहिलेले असतील.

पालकांची काळजी मला ठाऊक आहे, माझ्या आईलाही ती होती. गेम म्हटलं की लोकांना रमी आणि पैसे बुडालेली पोरं आठवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यानं ही गोष्ट स्पष्ट केली आहे. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे, शिक्षणाचे गेम यांना वेगळं स्थान मिळालं. मी ज्याबद्दल बोलते आहे, ते या दुसऱ्या बाजूचं काम आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम निन्टेंडो स्विच या गेमच्या यंत्रावर आणला. त्याची नायिका आपल्या भावाला शोधायला निघालेली एक भारतीय मुलगी आहे. पुण्यात होतं ते इथं का होऊ नये?

नोकरीचं आश्वासन मी कुणाला देणार नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारो लोकांना काढलं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम विकायला ठेवायला १०० डॉलर भरावे लागतात, विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा तिकडं जातो, आणि बरेचसे गेम फारसे खपत नाहीत. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. पण ग्रंथालय व्यवस्थापनाची प्रणाली करून तरी कुठं नोकरी मिळते? गेम करणारा मुलगा गणित, भौतिकशास्त्र, चाचणी, दुसऱ्याच्या कामाशी आपलं काम जुळवणं हे सगळं एकाच वर्षात शिकतो, आणि दाखवायला त्याच्याकडं चालणारी वस्तू असते. आमच्या फौंड्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये हजारो नोंदी चटकन शोधून द्यायचं काम मला जमलं, ते रात्रीच्या गेममुळं. १६ मिलिसेकंदांत काम बसवायची सवय लागली की माणूस दोन सेकंद थांबायला तयार होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर तो जवळपास नाही. गोडो हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे आणि त्यावर केलेल्या गेमच्या कमाईत ते वाटा मागत नाहीत. थ्रीडीसाठी ब्लेंडर फुकट आहे. संगणक तुमच्या लॅबमध्ये आहेत आणि संध्याकाळी त्या लॅबला कुलूप असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, व्हीएफएक्स (सिनेमातले संगणकीय दृश्यपरिणाम), गेमिंग आणि कॉमिक्ससाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. त्याचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. हा पैसा जिथं आधीच काही उभं आहे, तिकडं जाईल. मुंबईत आहे, पुण्यात आहे. आयटी पार्क कधी होणार याची चर्चा आपण वर्षानुवर्षं करतो आहोत. तो होईल तेव्हा होईल, पण उद्या कुणी अधिकारी कोल्हापुरात येऊन ‘काय आहे दाखवा’ म्हणाला, तर त्याच्या हातात कंट्रोलर देता आला पाहिजे.

म्हणून नेमकं काय करावं, ते लिहिते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा आणि कला महाविद्यालयाच्या वरच्या वर्गांचा एक संयुक्त प्रोजेक्ट मान्य करा. गट लहान ठेवा, चार-पाच जणांचा, आणि त्यात दोन्हीकडचे विद्यार्थी असलेच पाहिजेत. गाइड दोन, दोन्ही महाविद्यालयांचे. गुण अहवालाच्या जाडीला देऊ नका. परीक्षकानं तो गेम खेळावा, कुठं अडकला ते लिहावं, आणि मुलांनी तो दोष दूर केला की नाही यावर गुण द्यावेत. शहराच्या मध्यावरच्या एखाद्या महाविद्यालयानं संध्याकाळी सहा ते दहा एक लॅब उघडी ठेवावी. तिथं मुलींना रात्री घरी पोहोचायची सोय विचारात घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात त्या यायच्या बंद होतील. वर्षाअखेरीस शाहू स्मारकमध्ये चित्रांच्या प्रदर्शनाशेजारी चार टेबलं टाका आणि गावाला खेळू द्या. पेठेतल्या पोरांइतका कडक परीक्षक तुम्हाला कुठल्या विद्यापीठात मिळणार नाही. कंटाळा आला की ती सरळ उठून जातात.

स्वायत्त महाविद्यालयांना हे स्वतःच्या अभ्यास मंडळात ठरवता येईल. बाकीच्यांसाठी विद्यापीठानं पुढाकार घ्यावा. कला संचालनालयाच्या परवानगीला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत निदान प्रमाणपत्र द्या, पण मुलांना एकत्र बसवायला थांबू नका.

शिकवायला माणूस कुठून आणायचा, असं विचाराल. दर रविवारी सकाळी मी येईन, मानधन नको. इंजिन कसं वापरायचं, उडी कशी लिहायची, माझ्या गेममध्ये काय जमलं आणि काय अजून जमत नाही, हे सगळं उघड करून दाखवीन. बाबाही यायला तयार आहेत. पॅटर्न कसा वाचायचा ते शिकवतो म्हणाले. पुण्यात गेम स्टुडिओंत काम करणारी इथली मुलं सणाला घरी येतात, त्यांतले काहीजण महिन्यातून एकदा ऑनलाइन वेळ देतो म्हणाले आहेत. पट्ट्याची आकृती काढणाऱ्या त्या मुलाला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर आल्यावर सांगेन.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात. त्याआधी एक बैठक बोलवा. दोन्ही बाजूंचे प्राचार्य, एखाद-दुसरा विभागप्रमुख आणि चार विद्यार्थी, एवढी माणसं पुरेत. मी लॅपटॉप आणि दोन कंट्रोलर घेऊन येते, आधी तुम्ही खेळून बघा, मग नियमांचं बोलू.

आपली,
मंगळवार पेठेतली एक गेम डेव्हलपर